लांब गाडीतला करंट

जुन्या स्टेशन वॅगनच्या वायरिंगचा विषय निघाला की गॅरेजात दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक वायरमन म्हणतो, सगळं उपटून काढा आणि नवं लूम, म्हणजे वायरींचं पूर्ण जुडगं, टाका, नाहीतर रोज एक दुखणं निघेल. दुसरा म्हणतो, कशाला हात लावताय? जळलंय तिथे तुकडा जोडू, टेप मारू, इतकी वर्षं चाललंय तर पुढेही चालेल. दोघांच्याही बोलण्यामागे अनुभव आहे. पण एक प्रश्न दोघेही सोडून देतात: या गाडीतला करंट बॅटरीतून निघून परत बॅटरीत येईपर्यंत कुठे कुठे अडतो? याचं उत्तर आधी शोधलं, तर किती वायर बदलायची, कुठली ठेवायची आणि मोठा अल्टरनेटर लागणार की नाही, हे बरंचसं आपोआप ठरतं. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. गाडीची मूळ मांडणी राखावी, जोड आणि अर्थ (बॉडीतून बॅटरीकडे परतीची जोडणी) नवे करावेत, फ्यूज वाढवावेत, जड भार रिलेवर न्यावेत आणि एवढं झाल्यावरच नवी उपकरणं बसवावीत. बहुतेक जण हा क्रम उलटा करतात. आधी मोठी म्युझिक सिस्टिम, प्रखर दिवे, सेंट्रल लॉक. मग फ्यूज उडायला लागले की वायरमनचा शोध.

स्टेशन वॅगन बहुधा एखाद्या सेडानवरूनच बेतलेली असते. बॉनेटखालची रचना तीच, डॅशबोर्ड तोच, फ्यूजबॉक्सही तोच. फरक पडतो तो मागे. सेडानच्या डिकीच्या झाकणाला फार तर एक दिवा असतो. वॅगनचं मागचं दार म्हणजे काच, वायपर, वॉशरची नळी, नंबरप्लेटचे दिवे, लॉकची मोटर आणि काचेवरच्या गरम तारा. या सगळ्यांच्या वायरी छतातून मागे येतात आणि बिजागरीपाशी दारात शिरतात. दार उघडलं की तिथे वाकतात, मिटलं की सरळ होतात. दिवसातून चार-पाच वेळा दार उघडलं, तर वीस-तीस वर्षांत त्या एकाच बोटभर जागी वायर किती हजार वेळा वाकली असेल याचा हिशेब कुणीही करावा.

व्होल्वो २४० ही या बाबतीत अभ्यासायला सगळ्यात चांगली गाडी. १९७४ ते १९९३ अशी जवळजवळ दोन दशकं ती बनत राहिली, मालिकेतल्या सगळ्या प्रकारांच्या मिळून सुमारे २८ लाख गाड्या निघाल्या, आणि तिची वॅगन युरोप-अमेरिकेत आजही रोजच्या वापरात दिसते. गाडीची लांबी ४.८ मीटरच्या आसपास. या वॅगनच्या मालकांची नेहमीची तक्रार म्हणजे मागचा वायपर बंद, नंबरप्लेटचा दिवा बंद, काच गरम होत नाही. मोटर काढून तपासली तर ठणठणीत. स्विच चांगला. फ्यूज शाबूत. दोष बिजागरीपाशी. तिथे वायरीचं वरचं आवरण बऱ्याचदा अखंड दिसतं, पण आतल्या तांब्याच्या तारा एकेक करून तुटलेल्या असतात. अशी वायर टेस्टरवर मात्र नीट लागते. मल्टिमीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे उरलेल्या दोन तारांमधूनही त्याला पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. वायपरची मोटर तीन-चार अँपिअर मागते, तेव्हा त्या दोन तारा कमी पडतात. म्हणून व्होल्टेज मोजायचं ते उपकरण चालू ठेवून, आणि मोजताना दार वर-खाली करत राहायचं. काटा हलला, की जागा सापडली.

दुरुस्तीत चुकतं ते पुढे. तुटलेल्या जागीच जोड दिला, तर नवा जोड त्याच वळणावर येतो आणि त्याच्या शेजारी वायर पुन्हा तुटते. खरी दुरुस्ती म्हणजे वळणाच्या दोन्ही बाजूंना वीतभर मागे जाऊन, मधला पूर्ण तुकडा बारीक तारांच्या मऊ वायरीने बदलणं. सिलिकॉनच्या आवरणाची वायर यासाठी उत्तम. ती थंडीत कडक होत नाही आणि उन्हात चिकट होत नाही. सगळे जोड एका रांगेत न ठेवता मागे-पुढे ठेवायचे, नाहीतर रबरी नळीत गाठ तयार होते. आणि दारासाठी एक स्वतंत्र, जाड अर्थची वायर टाकायची. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण बऱ्याच जुन्या वॅगनमध्ये मागच्या दाराचा परतीचा करंट बिजागरीच्या लोखंडातून यावा असं गृहीत धरलेलं असतं. बिजागरीला रंग, ग्रीस आणि गंज लागला की तो मार्ग संपतो.

अर्थच्या प्रश्नाला बगल देऊन झालेलं एकही वायरिंग मी टिकलेलं पाहिलेलं नाही. आपल्याकडे दिवा लागत नसला की पहिल्यांदा पॉझिटिव्ह वायर तपासतात. पण जुन्या गाडीत निम्मा रस्ता पत्र्यातून जातो आणि तो पत्रा तीस-चाळीस पावसाळे खाल्लेला असतो. मागच्या दिव्याचा अर्थ खराब झाला की लक्षणं चमत्कारिक दिसतात. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, इंडिकेटर दिला की पार्किंगचा दिवा लुकलुकतो, वायपर चालू केला की नंबरप्लेट अंधारते. यात गूढ काही नाही. ब्रेकच्या दिव्याला पत्र्यातून परत जाता येत नाही, म्हणून करंट त्याच होल्डरमधल्या दुसऱ्या फिलॅमेंटमधून उलटा वाट काढतो. अशी लक्षणं दिसली की स्विच बदलू नयेत. होल्डरपासून बॉडीपर्यंत आणि बॉडीपासून बॅटरीपर्यंत व्होल्टेजची घट मोजावी. दिवे चालू असताना अर्थच्या बाजूला ०.२ व्होल्टपेक्षा जास्त घट दिसली, तर तिथे गंज आहे असं समजून काम करावं.

इंग्लंडची मॉरिस मायनर ट्रॅव्हलर या प्रश्नाचं टोकाचं रूप आहे. १९५३ ते १९७१ या काळात बनलेल्या या छोट्या वॅगनचा मागचा सांगाडा अॅश लाकडाचा आहे. लाकडातून करंट परत येत नाही, त्यामुळे लाकडावर बसवलेल्या प्रत्येक दिव्याला स्वतःची अर्थची वायर लागतेच. पत्र्याच्या वॅगनवाल्यांनी हाच धडा उचलावा असं मी म्हणेन. प्रत्येक मागच्या दिव्याला काळी वायर, त्या सगळ्या एका पितळी बोल्टवर, आणि तो बोल्ट रंग खरवडून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर. वर ग्रीसचा हात. खर्च नगण्य, आणि फरक त्याच संध्याकाळी दिसतो. इंजिनाकडेही हेच. व्होल्वो २४० मध्ये अल्टरनेटर रबरी बुशांवर बसतो. त्याची छोटी अर्थ वायर तुटली की चार्जिंग कमी होतं आणि लोक बिचाऱ्या अल्टरनेटरलाच दोष देतात.

आता लांबीचा हिशेब. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरीला मीटरमागे साधारण ०.०१७ ओहम रोध असतो. ऐकायला नगण्य. पण मागच्या काचेच्या गरम तारा दहा ते पंधरा अँपिअर घेतात, आणि वॅगनमध्ये फ्यूजबॉक्सपासून छतातून मागच्या काचेपर्यंतचा रस्ता सहज सहा मीटर भरतो. दीड चौरस मिलिमीटरची वायर आणि १२ अँपिअर करंट धरला, तर नुसत्या वायरीत ०.८ व्होल्टपेक्षा जास्त घट होते. स्विच, फ्यूज आणि बिजागरी यांतली घट वेगळीच. अडीच चौरस मिलिमीटर वापरली तर ती अर्ध्या व्होल्टवर येते. पावसाळ्यात माळशेज किंवा आंबोलीच्या घाटात, काच आतून वाफेने पांढरी झालेली असताना, हा फरक आकड्यांपुरता राहत नाही.

हेडलाइटच्या बाबतीत घट आणखी महागात पडते. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी वेगाने पडतो. व्होल्टेज दहा टक्के उतरलं की प्रकाश साधारण तीस टक्के कमी. जुन्या गाडीत हेडलाइटचा पूर्ण करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून आणि मग डिपरच्या स्विचमधून जातो. साठ वॉटचे दोन हायबीम म्हणजे दहा अँपिअर. चार मीटर बारीक वायरीत जवळपास अर्धा व्होल्ट जातो, आणि घासलेल्या स्विचच्या दोन-तीन संपर्कांत तेवढाच आणखी. मालक म्हणतो, दिवे पिवळे पडलेत, शंभर वॉटचे बल्ब टाका. त्याने करंट दीडपटीहून अधिक होतो, घट त्याच प्रमाणात वाढते आणि स्विच वितळतो. याला उपाय रिलेचा. बॅटरीपासून फ्यूज लावून अडीच किंवा चार चौरस मिलिमीटरची वायर थेट पुढच्या दिव्यांकडे न्यायची, मध्ये लो आणि हायसाठी दोन रिले. जुना स्विच आता फक्त रिलेची कॉइल चालवतो, जिला पाव अँपिअरही पुरतो. मूळ बल्ब तसेच ठेवूनही रात्रीचा रस्ता बदलल्यासारखा वाटतो. एवढ्या कमी खर्चात एवढं फळ देणारं दुसरं काम जुन्या गाडीत मला माहीत नाही.

वायरीच्या आवरणाचा इतिहास मात्र सरळ नाही. जितकी गाडी जुनी तितकं वायरिंग खराब, असं मानलं तर फसगत होते. १९५०-६०च्या कित्येक गाड्यांची साधी पीव्हीसी आवरणाची वायर आजही वाकवली तर तडकत नाही. उलट व्होल्वो २४० च्या १९८०च्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांत इंजिनाचं लूम उष्णतेने इतकं खराब झालं, की बोटांनी दाबताच आवरणाचे तुकडे गळून पडावेत आणि आतलं तांबं उघडं पडावं. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात मर्सिडीजच्या १२४ मालिकेवरही अशीच वेळ आली. तिथेही इंजिनाच्या लूमचं आवरण आतून भुगा होत गेलं. याच १२४ मालिकेच्या सेडानपासून १९९५ मध्ये मर्सिडीजने पुण्यात गाड्या जोडायला सुरुवात केली, त्यामुळे ही पिढी आपल्याकडच्या गॅरेजांना अगदीच परकी नाही. अशा गाड्यांत तुकडे जोडण्याला अर्थ नसतो. इंजिनाचं लूम पूर्ण बदलावं लागतं, पण बॉडीचं लूम बहुधा ठेवता येतं. ‘सगळं उपटा’ आणि ‘हात लावू नका’ या दोन सल्ल्यांमधली जागा नेमकी इथे आहे. बॉनेटखालचा उष्ण भाग, बिजागरी आणि चाकांच्या वरचा चिखल-पाण्याचा भाग या तीन ठिकाणी वायर बदलण्याकडे कल ठेवावा. डॅशबोर्डमागची आणि छतातली कोरडी वायर वाकवून, पाहून, मोजून राहू द्यावी.

आपल्या हवेत यात दोन गोष्टींची भर पडते. किनाऱ्यावरच्या खाऱ्या दमट हवेत तांब्यावर हिरवा जंगाल चढतो आणि तो आवरणाच्या आत वीत-दीड वीत सरकत जातो. कप्लरची पिन पाहून समाधान मानू नये. थोडं आवरण सोलून आतला तांब्याचा रंग पाहावा. काळा किंवा हिरवा निघाला, तर लालसर चमक दिसेपर्यंत मागे जावं. दुसरी गोष्ट उंदीर. पावसाळ्यात बंद उभ्या असलेल्या वॅगनच्या मागच्या पोकळ भागात त्यांना कोरडी जागा मिळते, आणि कुरतडलेली वायर नेमकी अस्तरामागे असते. वॅगन घेतल्यावर मागच्या बाजूचं अस्तर एकदा काढून पाहणं म्हणूनच वाया जात नाही.

फ्यूजचा विषय रिलेइतकाच मोठा आहे, आणि त्यावरचे गैरसमज त्याहून मोठे. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. उपकरण वाचलं तर तो वरचा लाभ. म्हणून फ्यूजचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरवायचा आणि त्याची जागा बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ ठेवायची. बॅटरीपासून मागच्या अॅम्प्लिफायरपर्यंत पाच मीटर वायर नेऊन अॅम्प्लिफायरशेजारी फ्यूज लावला, तर मधली पाच मीटर वायर बेवारस राहते. पत्र्याच्या धारेवर घासून ती शॉर्ट झाली की तिला थांबवणारं कुणी नाही. वॅगनमध्ये ही वायर गालिच्याखालून, सीटच्या रुळांशेजारून जाते, त्यामुळे धोका सेडानपेक्षा जास्त.

जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत मुळात फ्यूजच कमी. मॉरिस मायनरमध्ये अख्ख्या गाडीला दोन फ्यूज आणि हेडलाइट फ्यूजशिवाय. आपली अँबॅसिडर १९५०च्या दशकातल्या मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३ वरून आली आणि तिची इस्टेटही निघत असे, तेव्हा हा वारसा आपल्या दारातलाच आहे. त्यात आकड्यांचा घोळ. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या काचेच्या फ्यूजवर लिहिलेला ३५ अँपिअर हा आकडा तो कधी उडेल ते सांगतो. सतत वाहण्याजोगा करंट त्याच्या निम्मा, साधारण १७ अँपिअर. आजच्या ब्लेड फ्यूजवरचा आकडा सतत वाहणाऱ्या करंटचा असतो. जुना ३५ चा काढून नवा ३५ चा लावला, तर वायरीचं संरक्षण निम्म्यावर येतं आणि लावणाऱ्याला वाटतं की आपण जसंच्या तसं बदललं. युरोपीय गाड्यांतला बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा सिरॅमिक फ्यूज, जो व्होल्वो २४० मध्ये शेवटपर्यंत राहिला, त्याची तऱ्हा वेगळी. त्यावर ८ पांढरा, १६ लाल असे रंग असतात आणि तो टोकांच्या दोन स्प्रिंगांत नुसता धरलेला असतो. तिथे गंज धरला की फ्यूज शाबूत असूनही करंट जात नाही. २४० चा फ्यूजबॉक्स चालकाच्या पायाशेजारी असल्यामुळे गळक्या काचेचं पाणी तिथवर पोहोचतं. फ्यूज बोटाने फिरवून गाडी पुन्हा चालू झाल्याचं सांगणारे मालक भेटतात. त्यांनी तो बॉक्स साफ करून पितळी पट्ट्या नीट दाबून घ्याव्यात, किंवा सरळ ब्लेड फ्यूजचा बॉक्स बसवावा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूज ‘चालू’ करण्याची रीत आपल्याकडे होती, अजूनही सापडते. गाडी घेतल्या दिवशी प्रत्येक फ्यूज बाहेर काढून पाहावा तो यासाठी.

चार्जिंगकडे वळू. १९६०च्या दशकापर्यंतच्या बहुतेक युरोपीय गाड्यांत आणि त्यांच्यावरून आलेल्या आपल्या गाड्यांत डायनामो होता. लुकासचा सी-४० डायनामो पूर्ण वेगात २२ अँपिअर देतो, म्हणजे जेमतेम ३०० वॉट, आणि आयडलिंगला जवळजवळ काहीच नाही. पावसाळी रात्रीचा भार मोजू. हेडलाइट ११०, मागचे आणि मीटरचे दिवे ३०-४०, वायपर ५०, ब्लोअर ८०, मागची काच १५०, म्युझिक सिस्टिम ५०. बेरीज पाचशे वॉटच्या जवळ, म्हणजे छत्तीस-सदतीस अँपिअर. उरलेला करंट बॅटरीतून जातो आणि वाहतूककोंडीत बॅटरी उतरते. त्यामुळे मागची काच, जादा दिवे किंवा एसी हवा असेल तर अल्टरनेटर लागणारच. ५५ ते ६५ अँपिअरचा पुरतो. शंभरचा लावण्याची हौस मला निरर्थक वाटते, कारण तेवढा करंट वाहून नेणारी बाकीची गाडी तिथे नसते.

अल्टरनेटर बदलताना तीन बारकावे विसरले जातात. डायनामोची जुनी मुख्य वायर तशीच ठेवली तर ती तापते; तिथे सहा ते दहा चौरस मिलिमीटरची वायर हवी. डॅशबोर्डवर ३०-०-३० चा अँपिअर मीटर असेल तर सगळा करंट त्याच्या टर्मिनलांतून जातो, आणि डॅशबोर्डमागे आग लागायला तेवढं निमित्त पुरतं; तो काढून व्होल्टमीटर लावावा. आणि चार्जिंगचा लाल दिवा. तो नुसता खूण दाखवत नाही. त्याच्या फिलॅमेंटमधून जाणारा थोडासा करंट अल्टरनेटरला सुरुवातीचं चुंबकत्व देतो. तिथे हौसेने एलईडी बसवला, तर सेल्फ मारल्यावर अल्टरनेटर जागाच होत नाही आणि माणूस रेग्युलेटर बदलत बसतो. मूळचा दोन-तीन वॉटचा साधा बल्ब राहू द्यावा.

ज्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला आहे, तिथे अल्टरनेटर बसवण्याआधी ध्रुव उलटे करावे लागतात. बॅटरी फिरवायची, इग्निशन कॉइलच्या दोन वायरी अदलाबदल करायच्या, अँपिअर मीटरच्या वायरी उलट्या लावायच्या. जुनी वायपरची मोटर वाइंडिंगच्या चुंबकाची असेल तर ती आहे त्याच दिशेने फिरत राहते. कायम चुंबकाची असेल तर उलटी फिरते. जुना ट्रान्झिस्टर रेडिओ मात्र जळतो, म्हणून तो आधी काढून ठेवायचा.

महाराष्ट्राशी थेट नातं सांगणाऱ्या दोन वॅगन आहेत. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या फियाट घराण्यातली सफारी नावाची वॅगन आता क्वचितच दिसते; तिचं वायरिंग साधं, मोजकं आणि हाताने पुन्हा बांधण्याजोगं. दुसरी टेल्कोची पुण्यात बनलेली टाटा इस्टेट, १९९२ सालची, १९४८ सीसी डिझेल इंजिनाची. ती पूर्णपणे वेगळ्या काळातली गाडी. पॉवर विंडो आणि सेंट्रल लॉक तेव्हा आपल्याकडे नवलाईचे होते, त्यामुळे तिच्या दारांत त्या काळच्या इतर भारतीय गाड्यांपेक्षा खूप जास्त वायर आहे, आणि ती वायर प्रत्येक दाराच्या बिजागरीतून जाते. म्हणजे बिजागरीचा प्रश्न इथे एका दाराचा न राहता पाच दारांचा होतो. डिझेल असल्यामुळे इग्निशन कॉइल, पॉइंट यांची कटकट नाही, पण हीटर प्लग आणि सेल्फ दोघेही मोठा करंट ओढतात. सकाळी गाडी कुरकुरत चालू होत असेल, तर नवी बॅटरी घेण्याआधी सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सेल्फच्या टर्मिनलपर्यंत आणि इंजिन ब्लॉकपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत घट मोजावी. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या वर गेली, तर केबल आणि लग बदलावेत. डिझेलवाल्यांनी वारंवार बॅटऱ्या बदलण्यामागे कित्येकदा एवढंच कारण असतं.

पॉवर विंडो हळू चालते ही तक्रार याच घटीची. मोटर सुटी करून बॅटरीवर लावली तर सपकन फिरते. दोन रिले दारापाशी दिले की स्विचवरचा भार जातो आणि काच पूर्वीसारखी वर येते.

पूर्ण लूमच बदलायचं ठरलं, तर जगात तीन वाटा आहेत. मूळ नमुन्याप्रमाणे बनवलेलं तयार लूम ही पहिली. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमजवळची ऑटोस्पार्क्स ही कंपनी जुन्या ब्रिटिश गाड्यांची लूम मूळ रंगांत, हवं तर सुती वेष्टणातही, बनवून देते. दुसरी वाट अमेरिकेत लोकप्रिय असलेल्या सर्वसाधारण किटची. टेक्सासची पेनलेस परफॉर्मन्स हे त्यातलं माहितीतलं नाव. त्यात प्रत्येक वायरीवर तिचं काम छापलेलं असतं आणि फ्यूजबॉक्स आधुनिक असतो. पण ही किट अमेरिकन स्टिअरिंग कॉलम आणि स्विच गृहीत धरून बनतात. युरोपीय किंवा भारतीय वॅगनमध्ये निम्म्या वायरी लांब उरतात आणि बाकीच्या अपुऱ्या पडतात. मी ही वाट सुचवणार नाही. तिसरी वाट म्हणजे जुनं लूम अखंड बाहेर काढून, फळीवर खिळे ठोकून त्यावर पसरायचं आणि त्याच्या शेजारी नवं बांधायचं. वेळखाऊ आहे, पण आपल्याकडच्या चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला ही कला येते, आणि फांद्या नेमक्या कुठे फुटतात हे यातूनच अचूक उतरतं. जुनं लूम कापून तुकड्यांत काढणाऱ्याला हे काम देऊ नये.

साहित्यात काटकसर नको. घरगुती वायरिंगची एकाच जाड तारेची वायर गाडीत कधीच वापरू नये. कंपनाने ती तुटते. वाहनांसाठीची पातळ आवरणाची वायर एक चौरस मिलिमीटरला १६.५ आणि दोनला २५ अँपिअरची मानतात, पण ते आकडे एकट्या वायरीचे. आपल्या उन्हाळ्यात, बॉनेटखाली, वीस वायरींच्या जुडग्यात त्यातला तिसरा हिस्सा वजा करूनच निवड करावी. जोडांबाबत डाख की क्रिंप हा वाद जुना आहे. माझा कौल क्रिंपला, पण योग्य जबड्याच्या पक्कडीने केलेल्या. डाख तारांमधून वर चढतो, तिथे वायर कडक होते आणि त्या कडेलाच तुटते. बिजागरीजवळ हे हमखास होतं. पक्कडच साधी असेल, तर मात्र चांगला डाख वाईट क्रिंपपेक्षा बरा. वरून गोंदाची श्रिंक स्लीव्ह. आणि लूमला कापडी टेप. पीव्हीसी टेपचा गोंद दोन उन्हाळ्यांत विरघळतो आणि सगळं लूम चिकट होतं.

एलईडीविषयी थोडक्यात. आतले दिवे, मीटर आणि मागचे दिवे एलईडीवर नेले तर भार कमी होतो, पण जुना थर्मल फ्लॅशर बदलावा लागतो, नाहीतर इंडिकेटर नीट लुकलुकतच नाही. व्होल्वो २४० मध्ये डाव्या-उजव्या दिव्यांचा करंट ताडून पाहणारा एक रिले आहे. एका बाजूला एलईडी आणि दुसऱ्या बाजूला साधा बल्ब लावला की डॅशबोर्डवर बिघाडाचा दिवा पेटून राहतो. हेडलाइटच्या एच-४ रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब खुपसणं मला पटत नाही. तो रिफ्लेक्टर फिलॅमेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. प्रकाश विखुरतो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. नवी उपकरणं बसवल्यावर गाडी बंद असताना किती करंट गळतो तेही मोजावं. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास, ४५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन आठवड्यांच्या आत निम्मी होते. कधीमधी बाहेर पडणाऱ्या वॅगनला एवढी गळती जड जाते.

कायद्याच्या बाजूने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय झाली आहे, आणि तिथे गाडी मूळ रूपात असण्याला महत्त्व आहे. मूळ फ्यूजबॉक्स आणि स्विच जागेवर ठेवून नवे फ्यूज-रिले डॅशबोर्डखाली किंवा बॅटरीच्या मागे लपवले, तर दोन्ही साधतं.

राहिला नकाशा. नवं वायरिंग करताना रंगांची मूळ पद्धत मोडू नये. लुकासच्या पद्धतीत तपकिरी म्हणजे बॅटरीचा थेट करंट, पांढरा इग्निशनचा, हिरवा इग्निशननंतर फ्यूजमधून आलेला, निळा हेडलाइटचा, लाल पार्किंगचा, काळा अर्थ. जर्मन पद्धतीत मात्र तपकिरी म्हणजेच अर्थ, त्यामुळे दोन्ही पद्धतींची सरमिसळ धोक्याची. जर्मन पद्धतीचे टर्मिनलांचे आकडे त्याहून उपयोगी: ३० म्हणजे बॅटरी, १५ इग्निशन, ३१ अर्थ, ५० सेल्फ, ५६ए हायबीम, ५६बी लोबीम, ५८ पार्किंग. हे आकडे कित्येक रिले आणि स्विचांच्या अंगावरच छापलेले असतात. टाटा इस्टेटसारख्या, उत्पादन कधीच थांबलेल्या गाडीचं लूम बाहेर काढण्याची वेळ आली, तर वायरमन आणि मालकाने मिळून ते कागदावर उतरवून ठेवावं: प्रत्येक वायरीचा रंग, जाडी, लांबी, कुठल्या कप्लरच्या कितव्या पिनेत जाते, आणि कुठल्या बोल्टवर अर्थ आहे. एक प्रत गाडीच्या कागदपत्रांसोबत, एक गॅरेजात, आणि एक अशीच गाडी सांभाळणाऱ्या दुसऱ्या कुणाकडे.